तळ्यातल्या सात पायऱ्या

“हाशमभाय, जरा हात लावा. एकट्यानं वर येत नाय.”

सिराजुद्दीनच्या हातातल्या लांब बांबूला लोखंडी आकडा होता आणि आकड्यात माकडाचं पिल्लू, पहाटे कधीतरी बुडालेलं. हाशमने करवत खाली ठेवली आणि दोघांनी मिळून ते भिजलेलं अंग काठावर ओढलं. समोरच्या बांधावर त्याची आई बसली होती, कुत्र्यासारख्या लांब तोंडाची, करडी. ती ओरडत नव्हती, नुसती बघत होती. हाशमला ते बघणं नको झालं.

खमीस मुशैतच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी कफिलाची, त्यांच्या सौदी मालकाची, बाग होती आणि बागेला पाणी देण्यासाठी हे तळं. तळाला नि चारी उतारांना काळं प्लास्टिक अंथरलेलं. उन्हाळ्यात माकडं डोंगरातून पाण्याला उतरायची आणि एकदा का त्या प्लास्टिकवरून पाय घसरला की धरायला काही नाही. “ह्या महिन्यातलं तिसरं,” सिराजुद्दीन म्हणाला आणि फावडं आणायला गेला. तो म्हसळ्याचा, बागेचा राखणदार. ईद झाली की कायमचा गावी निघणार होता. त्याचीच जागा हाशमला हवी होती.

किती हवी होती, ते त्यालाच ठाऊक. बावीस वर्षं त्याने कफिलाच्या फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारला होता. त्या वर्षी निताकतचा कायदा कडक झाला, पुरेसे सौदी कामावर नाहीत म्हणून कारखाना सरकारच्या लाल यादीत गेला आणि तिथल्या परदेशी माणसांचे इकामे, राहण्याचे परवाने, अडकले. कफील अबू सालेह माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “ईदला माझी नातवंडं येतील. तळ्यात होडी सोडायचीय. तू होडीवाल्यांच्या गावचा. चांगला धक्का बांध, तुझा इकामा बागेच्या नावावर करून देतो.” गावी लेकीच्या, उमामाच्या नर्सिंगचं अजून दीड वर्ष बाकी होतं. पंचावन्नाव्या वर्षी परत गेलेल्या सुताराला तिथे कोण विचारणार होतं?

मग हाशमने रोजे धरून, जीव ओतून काम केलं. प्लास्टिकला भोक पडू नये म्हणून खांब सिमेंट भरलेल्या पिंपांत उभे केले, पिंपांखाली जुने टायर कापून घातले. वर जाड फळ्या. आणि टोकाला थेट पाण्याखाली जाणाऱ्या सात पायऱ्या.

शेवटचा खिळा ठोकून झाला तसा सिराजुद्दीन पोट धरून हसला. “हाशमभाय, हितं ओहोटी कवा लागते तेवढं सांगा. मी बघायला येतंय.”

हाशम बघतच राहिला. बाणकोटच्या खाडीत ओहोटीला होडी पुरुषभर खाली जाते, म्हणून धक्क्याला पायऱ्या लागतात. त्याच्या बापाने बांधलेल्या प्रत्येक धक्क्याला होत्या. इथलं पाणी तर जागचं हलत नव्हतं. बावीस वर्षं सौदीत काढली, पण हातांना अजून खाडीचीच सवय! तो ओशाळून म्हणाला, “उद्या कापून टाकतंय.”

दुसऱ्या दिवशी करवत घेऊन गेला, तर एक पोरगेलं माकड पाण्यात धडपडत होतं. हाशम बांबू आणायला वळला, तेवढ्यात माकडाच्या हाताला पायरी लागली. ते वर आलं, फळीवर उभं राहून अंग झाडलं, हाशमच्या तोंडावर शिंतोडे उडवले आणि चालतं झालं. हाशम एकटाच हसला. करवत त्याने परत पेटीत ठेवली.

त्यानंतर बांबूच्या आकड्याला आठवडाभर काम पडलं नाही. पण माकडंच ती, एकदा वाट सापडल्यावर थोडीच सोडणार? पायऱ्यांवर बसून पाणी प्यायची, धक्क्यावर लोळायची, होडीचा दोर कुरतडायची आणि वर घाण करून जायची.

ईदच्या दहा दिवस आधी अबू सालेह आला. त्याने आधी घाण पाहिली, मग पायऱ्या.

“हे काय, हाशम?”

“जनावर पडलं तर ह्यावरून वर येतं, अबू सालेह. मेलं तर पाणी सडतं.”

“आणि माझी पोरं ह्यावरून घसरून पाण्यात गेली तर?”

“इथल्या कापतो,” हाशम म्हणाला. “पलीकडच्या कोपऱ्यात लावतो. पोरं तिकडे जात नाहीत.”

“मी तुला माकडं हाकलायला ठेवतोय, का त्यांना जिने बांधून द्यायला?” अबू सालेहचा आवाज चढलेला नव्हता. “तुझे कागद गाडीत आहेत. उद्या कचेरीत जायचंय. पायऱ्या आजच काप. खलास.”

हाशमने कापल्या. खालच्या पायऱ्यांसाठी छातीभर पाण्यात उतरला. सातही काठावर रचून ठेवल्या. ईद उलटली की गुपचूप कोपऱ्यात लावू, असं त्याच्या मनात होतं. ईदपर्यंत तो स्वतः दिवसभर काठी घेऊन काठावर बसला.

ईदला बकरे शिजवताना लाकूड कमी पडलं. कुणीतरी त्या वाळलेल्या पायऱ्या चुलीत सारल्या. हाशमने पाहिलं तेव्हा पाच जळून गेल्या होत्या, दोन पेटत होत्या. होडीत नातवंडं आनंदाने किंचाळत होती. अबू सालेहने स्वतःच्या हाताने हाशमसाठी ताट वाढलं आणि शेजारी नवा इकामा ठेवला. त्यावर सुतार नव्हतं, शेतमजूर होतं.

संध्याकाळी त्याने घरी बायकोला फोन केला. “खैरू, इकामा झाला.”

“अल्लाचा शुकर!” खैरुन्निसा रडायलाच लागली. “माज्या जिवात जीव नव्हता ओ.” मग सावरून तिने विचारलं, “आन् धक्का कसा झाला? तुमच्या अब्बांसारका?”

“झाला,” हाशम म्हणाला. मग म्हणाला, “त्यांच्यासारका नाय झाला.”

चार दिवसांनी सिराजुद्दीन गेला. जाताना त्याने बागेच्या किल्ल्या दिल्या आणि बांबू दिला.

त्याच आठवड्यात एका सकाळी आकड्यात पुन्हा ओझं आलं. हाशमने ते एकट्याने ओढलं, एकट्याने पुरलं. हात धुऊन परतला तेव्हा एक करडी मादी धक्क्याच्या टोकाला, पायऱ्या कापल्याच्या खुणा होत्या तिथे, पाण्यात बघत बसली होती.

तिला हाकलणं हे आता त्याचं काम होतं. त्याने काठी उचलली, चार पावलं गेला आणि थांबला. त्याला स्वतःची लाज वाटली. काठी फळीवर ठेवून तो अलीकडच्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून बसला. ती आपणहून उठेपर्यंत तोही तिथून उठला नाही.