आतून घातलेला टाका

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाणमांजर कारंज्यापाशी आले आणि रांगेतल्या पहिल्या बाईला त्याने मिठी मारली. त्या वेळी पाणमांजराचा पोशाख ताईच्या पिशवीत होता, आणि त्याचे डोके चादरीत गुंडाळून तिच्या भावजयीने कडेवर घेतलेले होते.

नदीकाठच्या त्या बाजारात पाणमांजर एकच. जुन्या गोदामांची दुकाने झाली, धक्क्यावर आकाशपाळणा उभा राहिला, दिव्यांच्या माळा लागल्या, तेव्हा लोकांच्या लक्षात राहील असे काहीतरी मालकांना हवे होते. नदी आहे म्हणून पाणमांजर. पोशाख शिवायचे काम ताईकडे आले, कारण ती नाटकांचे कपडे शिवते. पोशाखात शिरायचे काम तिच्या धाकट्या भावाकडे गेले, कारण मॅनेजर कापड पाहायला आला तेव्हा मापासाठी दोन्ही हात पसरून तोच उभा होता. मॅनेजर म्हणाला, हाच बरा दिसतो.

भावाला घरात रेडिओ म्हणत. तो झोपेतही बोलायचा. आधीच्या सगळ्या नोकऱ्या त्याच्या तोंडाने घालवल्या होत्या. शेवटच्या ठिकाणी तर त्याने गिऱ्हाइकालाच सांगितले होते की हे कपाट घेऊ नका, दार लागत नाही. असा माणूस मुक्याची नोकरी करणार म्हटल्यावर नातेवाइकांनी पैजा लावल्या. नियम दोनच होते: पोशाखात असताना बोलायचे नाही, आणि लोकांसमोर डोके काढायचे नाही. पैजा लावणारे हरले. नोकरी वर्षभर टिकली, आणि ताईच्या जिवात जीव आला. आईवडिलांमागे त्याला तिनेच वाढवले होते.

आदल्या दिवशी पोशाखाची काखेतली शिवण उसवली. रेडिओ तो घेऊन आला तेव्हा ताईने टोमणा मारला, "मी माणसाच्या मापाने शिवलं होतं रे, गोदामाच्या नाही." एरवी त्याने दहा उत्तरे दिली असती. या वेळी नुसता हसला, आणि पोशाख तिच्या हातात देताना बाही बराच वेळ सोडेना. पोर सासरी निघाली की बाप दाराशी उभा राहतो तसा उंबऱ्यात उभा राहिला. मग गेला.

हल्ली तो घरीही बोलत नाही, असे भावजयीने नंतर सांगितले. भाजी वाढू का विचारले की मान हलवायची, हो किंवा नाही. एकदाच काय ते बोलला होता. डोके काढून बाहेर आले की फाटकावरचा वॉचमनसुद्धा पास विचारतो, आणि डोके चढवले की ओळखीची ना पाळखीची माणसे गळ्यात पडतात. मग डोके काढायचेच कशाला? तिने ते हसण्यावारी नेले होते.

पोशाख सातच्या आत पोहोचवायचा होता, कारण सातला नदीपलीकडची बोट येते आणि उतरणाऱ्यांचे स्वागत पाणमांजर करते. ताईला दुपारी उशीर झाला. तपकिरी कापड संपले होते, तिने जरा फिक्या रंगाचे ठिगळ लावून काख शिवली. पोशाखाचे डोके एकटीला आवरेना म्हणून भावजयीला बरोबर घेतले. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने चादरीतल्या गाठोड्याकडे पाहून मूल किती महिन्यांचे आहे असे विचारले, आणि भावजयीने वर्षाचे होईल आता, असे उत्तर दिले. दोघी फाटकापर्यंत हसत होत्या.

फाटकात गर्दी होती. मोबाईलच्या कव्हरांची दुकाने, आईस्क्रीमच्या गाड्या, फुगे फोडायचे नेमबाजीचे दुकान. बोट येऊन गेलेली दिसत होती. आता मॅनेजर रेडिओला बोलणार, एवढीच ताईला धास्ती. तेवढ्यात नेमबाजीच्या दुकानदाराने चादरीतून बाहेर आलेला कान पाहिला.

"काय हो बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा?" तो म्हणाला. "डोकं तुमच्या कडेवर. मग ते तिकडं काय घालून फिरतंय?"

त्याने कारंज्याकडे बोट दाखवले.

ताईला पहिल्यांदा आला तो राग. नवा माणूस ठेवला, नवा पोशाख दुसरीकडून शिवून घेतला, भावाच्या पोटावर पाय दिला, आणि कुणी ताकास तूर लागू दिली नाही. ती तडक तिकीटघरामागच्या खोलीत गेली. मॅनेजरने तिला पाहून हात जोडले. शिवण छान झाली, पोशाख आज अंगाबरोबर बसलाय, असे म्हणाला. दुसरा माणूस ठेवल्याचे विचारले तेव्हा तो खरोखरच गोंधळला. एकाची मंजुरी मिळवताना नाकी नऊ आले होते, दुसरा कुठून आणणार?

ताईने पिशवी टेबलावर उपडी केली. तपकिरी केसाळ कापडाचा ढीग पडला, त्यावर भावजयीने डोके ठेवले. मॅनेजर डोक्याकडे बघत राहिला. मग खिडकीतून बाहेर बघितले. मग पुन्हा डोक्याकडे. शेवटी त्याने टेबलावरचा पेपर उचलून त्या डोक्यावर घातला.

"हा जुना असेल," तो म्हणाला. "असू द्या ताई. लोक खूश आहेत."

कपडे बदलायची खोली मालाच्या लिफ्टमागे आहे. दाराला कडी नव्हती. खुंटीवर रेडिओचा शर्ट आणि पँट, बाकाखाली बूट, बुटात घडी घालून ठेवलेले मोजे. मोज्यांवर फोन होता आणि तो वाजत होता, कारण भावजय दारातून त्यालाच फोन लावत होती. खोलीला मागचे दार आहे. पूर्वी तिथून होड्यांमधला माल चढवत. आता ते दार बंदच असते. ते उघडे होते. बाहेर दगडी पायऱ्या, आणि खालच्या पायऱ्यांवर पाणी. दारापासून बाकापर्यंतची फरशी ओली होती.

भावजय पायऱ्यांवर उभी राहून त्याला हाका मारू लागली. ताईने तिचा दंड धरला आणि बाहेर आणले. नदीत शोधायचे तर माणसे लागतील, आणि त्याआधी एक गोष्ट बघायला हवी, असे तिने सांगितले. म्हणून दोघी रांगेत उभ्या राहिल्या. पाणमांजराजवळ जायचा दुसरा मार्ग नव्हता.

रांग हळूहळू सरकत होती. पुढच्या कुटुंबातली आजी मिठी मारून आली ती डोळे पुसतच, आणि सुनेला म्हणाली, किती मायाळू आहे गं. सून म्हणाली, आई, आत माणूस असतो. आजी म्हणाली, माणूस असा धरतो होय?

भावजयीची पाळी आली. पाणमांजराने तिला कवेत घेतले. बाजूला झाली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तेच आहेत, ताई," ती म्हणाली. "माझ्यावर भार टाकला. दमून आले की टाकतात तसा."

मग ताई पुढे झाली. डोके तेच होते, मॅनेजरच्या खोलीत पेपराखाली ठेवले होते तेच. डाव्या मिशीचा एक तार वाकडा, तोही. मिठी मारण्याच्या निमित्ताने तिने पाठीवरून हात फिरवला. चेन झाकायला तिने एक पट्टी शिवली होती. पट्टी नव्हती. चेनही नव्हती. मानेपासून खालपर्यंत शिवण होती, आणि ती तिच्या हातची होती. ताईचा अंगठा लहानपणी दारात सापडला होता, तेव्हापासून तिचे टाके जरा डावीकडे झुकतात. तसे टाके जगात दुसऱ्या कुणाचे तिने पाहिले नव्हते. काखेत फिके ठिगळ होते. मानेपाशी डोके धडाला शिवलेले होते. कुठलीही शिवण कुठेतरी संपते, तिथे गाठ असते. ताईने बोटांनी गाठ शोधली. गाठ बाहेर नव्हती. शेवटचा टाका आतून घातलेला होता.

मागचे लोक कुरकुरू लागले. ताईने हसून सांगितले की पाणमांजराची पाणी प्यायची वेळ झाली, आणि त्याचा हात धरून चालू लागली. ते निमूटपणे आले. जाता जाता लोकांना हात हलवत होते.

खोलीत येऊन भावजयीने दार लोटून घेतले. ताईच्या गळ्यात दोरीला लहान कात्री असते. ती तिने हातात घेतली.

"रेडिओ, पुरे झालं आता," ती म्हणाली. "हात वर कर."

पाणमांजराने दोन्ही हात पसरले, लहानपणापासून माप द्यायला तो उभा राहायचा तसे, जरा कंटाळून. ताईने काखेतले टाके कापायला सुरुवात केली. चार टाके सुटले. पोशाख टोचू नये म्हणून तिने आतून पांढरे सुती अस्तर लावले होते. अस्तर नव्हते. बोट आत गेले आणि ऊब लागली. घामाचा वास यायला हवा होता, ओल्या दगडाचा आला.

"ताई, राहू दे," भाऊ म्हणाला. आवाज डोक्यातून आला नाही, कापलेल्या शिवणीतून आला. "वारा लागतो."

भावजय रडू लागली. अहो, घरी चला, नोकरी गेली तर जाऊ दे, बघू आपण, असे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पाणमांजराने तिच्याकडे तोंड वळवले आणि मान हलवली. जेवताना तो हलवायचा तशी. नाही.

ताईने पाचव्या टाक्याला कात्री लावली. पुढे कापायचे तर कापड आणि आतला माणूस यांच्यामध्ये कात्रीचे पाते शिरायला हवे. तिने पाते सपाट करून पाहिले, टोकाने पाहिले, शेवटी बोटाने पाहिले. शिरेना. तिथे मध्ये फटच नव्हती. पाणमांजराचे अंग आखडले, आणि आतून भावाने श्वास ओढल्यासारखा आवाज आला. लहानपणी दुधाचा दात काढताना तो असाच ओढायचा.

उघडे टाकून जाता येईना. ताईने पदराला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि चारही टाके परत घातले. टाके सरळ आले. म्हणजे जरा डावीकडे. गाठ मारायला तिने दोऱ्याचे टोक चिमटीत धरले. ते तिच्या बोटांतून सुटले आणि आत ओढले गेले.

धक्क्यावर पुढच्या बोटीचा भोंगा वाजला. पाणमांजर दार उघडून बाहेर गेले, आणि लोकांचा गलका ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दोघी चौकीत गेल्या. हवालदाराने सगळे ऐकून घेतले, मॅनेजरला फोन केला, आणि हरवल्याची तक्रार घेतली नाही. माणूस रोज कामावर हजर आहे, मग हरवला कुठे, असे त्याचे म्हणणे. उलट त्याने मोबाईलवरचा फोटो दाखवला: मागच्याच रविवारी त्याची दोन्ही मुले पाणमांजराच्या मांडीवर बसली होती. त्या रविवारी आत रेडिओच होता का, असे ताईने विचारले. तेव्हा हवालदार म्हणाला, बाई, ते तुम्हीच सांगा, शिवलंय तुम्ही.

नदीत तिने स्वतः माणसे लावून शोधले. काही सापडले नाही. मॅनेजरकडे ठेवलेला पोशाख परत मागितला, तर तो बाजाराच्या मालकीचा आहे असे उत्तर आले, आणि तो आता कुठे आहे हे कुणाला सांगता आले नाही.

ताई त्यानंतर बाजारात गेली नाही. भावजय रोज जाते. रांगेत उभी राहते, पाळी आली की मागचे ढकलेपर्यंत मिठी सोडत नाही, मग पुन्हा रांगेच्या शेवटी जाते. रोज थोडा जास्त भार टाकतात, असे तिने ताईला सांगितले. मला पेलतो अजून, असेही म्हणाली.

सोमवारी बाजार बंद असतो. आज सोमवार. सकाळी वॉचमनचा ताईला फोन आला. बंद दुकानांपुढून पाणमांजर हात हलवत हिंडत होते, ते त्याने पाहिले. कुणाला हात करते कळेना, कारण आत चिटपाखरू नव्हते. मग ते फाटकाशी आले. फाटकाबाहेर भावजय उभी होती. पाणमांजराने गजांतून हात बाहेर काढला आणि तो तिने धरला. याला आता तीन तास होऊन गेले. वॉचमनने ओढून पाहिले, समजावून पाहिले. हात सुटत नाही. दोघांतले कोण सोडत नाही, ते त्याला सांगता येईना.