नऊ तारखेचा कैदी

जगाचा इतिहास सांगणारे लोक लढाया सांगतात, बुडालेली राज्यं सांगतात, कुणाचं जहाज कुठल्या किनाऱ्याला लागलं ते सांगतात. पण एकदा तारखाच बदलल्या, हे मात्र दोन ओळींत उरकतात. त्या दोन ओळींच्या फटीत एक न्हावी अडकला होता. त्याचं कुणी नावही काढत नाही.

न्हावी तसा गरीब गाय. कोतवालाची हजामत करताना शिंक आली आणि अर्धी मिशी गेली, एवढाच काय तो गुन्हा. सगळी गेली असती तर चार फटक्यांवर भागलं असतं. अर्धीच राहिल्यानं गावभर शोभा झाली, म्हणून तीन वर्षं. घरी बायको आणि नुकतीच पालथी पडायला लागलेली लेक.

त्या तुरुंगाची रीत अशी, की आत येणाऱ्याच्या गळ्यात लाकडी फळी घालायची आणि तिच्यावर सुटकेची तारीख डागायची. त्या तारखेला सकाळची घंटा झाली की कैद्यानं फळी घेऊन दाराशी उभं राहायचं. चुकला, तर पुढल्या वर्षी तीच तारीख. पूर्वी असं नव्हतं. पण थंडीच्या दिवसांत लोक 'परवा जातो, तेरवा जातो' करत आतल्या उबेला चिकटून राहायचे. एक जण तर घरी सासू मुक्कामाला आलीय हे कळल्यावर दीड महिना हलला नाही. त्याच्या पायी हा नियम आला. न्हाव्याच्या फळीवर होती ऑक्टोबरची नऊ.

दाराच्या किल्ल्या होत्या त्याच्या थोरल्या साडूकडे. बायकोच्या बहिणीचा नवरा तुरुंगात पहारेकरी असणं हे भाग्य की दुर्दैव, यावर दोघांचा तीन वर्षं वाद चालू होता.

दोन तारखेला साडू गजांशी आला. "ऐकलंस का? सूर्य म्हणे पुढं गेला आणि आपल्या तारखा दहा दिवस मागं रखडल्या. मोठमोठ्या विद्वानांनी मोजून काढलंय. आता चारच्या दुसऱ्या दिवशी थेट पंधरा."

"आणि मधले दहा?"

"रद्द."

न्हाव्यानं बोटं मोजली. पुन्हा मोजली. "साडूबुवा, म्हणजे चारला झोपायचं आणि उठायचं ते नऊ ओलांडून? माझे चार दिवस वाचले की."

साडूनंही बोटं मोजली. "वाचले खरे. लेका, जगात राजांची भांडणं लागलीत या तारखांवरून, आणि फायदा तुझा."

त्याच दिवशी वर अर्ज टाकला असता, तर फळी बदलून मिळाली असती. पण आनंदात कुणाला अर्ज सुचतो? न्हाव्यानं आपलं पांघरूण खोकणाऱ्या म्हाताऱ्याला दिलं, वाडगा शेजारच्याला दिला, आणि चार तारखेला सगळ्या कोठडीची हजामत करून दिली, मिशा शाबूत ठेवून.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंधराला, घंटेआधीच तो दाराशी उभा. साडूनं किल्ली कुलपात घातलीही होती. तेवढ्यात तुरुंगाधिकारी आले आणि त्यांनी फळी वाचली.

"नऊला हजर होतास?"

"साहेब, नऊ झालीच नाही."

"होतास का, एवढंच सांग."

"मी नव्हतो. पण कुणीच नव्हतं. तुम्ही तरी होतात का?"

साडूला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं.

"मी कैदी नाही," अधिकारी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, नियम पुन्हा वाचला. "गैरहजर. पुढल्या वर्षी नऊला."

तरी त्यांनी वर पत्र पाठवलं. तीन दिवसांनी विद्वानांचं उत्तर आलं, सुरेख अक्षरात: सदर दिवस अस्तित्वात नसल्यानं त्या दिवसांतलं कुठलंही काम करता येणार नाही. न्हाव्यानं ते साडूकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हाताऱ्याकडे पांघरूण परत मागायला गेला. तो गाढ झोपला होता, म्हणून तसाच परतला.

एकोणीसला सकाळी त्याची बायको दाराशी आली, तीन वर्षांची लेक कडेवर घेऊन. तिच्या खेड्यात नवी तारीख अजून पोचली नव्हती.

"भाऊजी, आज नऊ. उघडा."

"आज एकोणीस, अगं."

"मी रोज मोजलंय."

"तुझं मोजणं बरोबर आहे," साडू म्हणाला, "तेच तर झालंय." आणि त्यानं सगळं सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा तिला तो थट्टा करतोय असं वाटलं.

"किल्ली तुमच्याच हातात आहे ना?"

"आहे. मी दार उघडीन. मग उद्या याला धरून आणतील, माझ्या गळ्यात फळी घालतील, आणि तुझी ताई येऊन इथं उभी राहील."

आतून न्हावी म्हणाला, "अगं, मी दहा दिवसांनी तरुण झालोय, बघ तरी." ती हसली नाही. लेकीनं दाराच्या गजांतून हात घातला, त्याच्या गळ्यातल्या फळीला बोट लावलं आणि आईकडे पाहून विचारलं, "हा कोण?"

"तुझा बाबा."

"चल ना मग," लेक त्याला म्हणाली.

न्हाव्यानं गजांतून तिचं बोट धरलं.

"पुढल्या वर्षी नऊला येऊ म्हणता," बायको म्हणाली. "तोवर परत कुणी काही मोजणार नाही ना?"

साडूनं न्हाव्याकडे पाहिलं. न्हावी खाली पाहत होता. मग बायको लेकीला उतरवून तिथंच पायरीवर बसली.

"इथं बसू देत नाहीत गं," साडू हळूच म्हणाला.

"माझी नऊ आजच आहे, भाऊजी. ती संपेपर्यंत बसते."

साडूनं आपलं स्टूल आणून तिच्याजवळ ठेवलं. ती त्यावर बसली नाही.