टेपवरची खरखर

धाकटीने जुन्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीच्या कव्हरचा कच्चा कागद मेजावर आपटला आणि ‘ड्रम्स’ या शब्दापुढच्या नावावर बोट रोवलं.

“हे काढा. हिने वाजवलेलंच नाही.”

थोरली खुर्चीत मागे रेलली.

“पस्तीस वर्षांनी बाईंना जाग आली!”

ध्वनिमुद्रक मुलीने कानावरचा हेडफोन गळ्यात घेतला. तिच्या जन्माआधी घराघरांतून पोरी ड्रम्सच्या काठ्या घेऊन उश्या बडवत, त्या या दोघींच्या बँडपायी. बँडमध्ये चारही बायकाच, सुरुवातीला लोकांनी बाटल्या फेकल्या, मग तिकिटांसाठी रांगा लावल्या. रेकॉर्ड बाजारात आली त्याच दिवशी बहिणींचं फाटलं. थोरलीने तेव्हाच शपथ घेतली की ही रेकॉर्ड कानावर पडू द्यायची नाही. रेडिओवर लागली तर ती उठून रेडिओ बंद करायची. घरी भेटायला येणाऱ्या पोरी “तुमचं ऐकून शिकलो” म्हणत पाया पडत, आणि ती मान हलवून ते घेत असे.

“तू तापाने फणफणली होतीस,” धाकटी म्हणाली. “तू घरी गेल्यावर पुन्हा सगळं मी वाजवलं. कंपनी थांबायला तयार नव्हती.”

“अंगात ताप घेऊन वाजवलंय मी. तू गायचीस. गात जा.”

“गायला ठेवलंस कुठे? कान गेले माझे तुझ्या ड्रम्सच्या थाळ्यांशेजारी उभं राहून.” धाकटीने कानातलं यंत्र चाचपलं. “नाव निघालं नाही, तर मी सही करणार नाही. मग काढा नवी आवृत्ती!”

“ही लहानपणापासून अशीच. स्वतः पडायचं आणि जमिनीला मारायचं.”

मुलीने घसा साफ केला.

“मूळ टेप आहे माझ्याकडे. नुसते ड्रम्स लावू?”

“लावा,” दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकदम बोललो म्हणून आणखीच चिडल्या.

ठोके सुरू झाले. थोरलीने हाताची घडी घातली. धाकटीने मान वाकडी करून यंत्राचा कान पुढे केला. तिच्यापर्यंत फक्त धमक पोचत होती. दुसऱ्या कडव्यापाशी थोरलीची घडी सुटली.

ठोक्यांच्या मागे कुणीतरी गुणगुणत होतं. दबक्या आवाजात, खरखरीत बुडालेलं, पण थोरलीला शब्दन्‌शब्द ओळखू येत होता. स्वयंपाकघरात पालथ्या पातेल्यांवर ती लहानग्या धाकटीला ताल शिकवायची, तेव्हा या पोरीचं तोंड मिटत नसे. गायल्याशिवाय हिचा हात चालत नसे. किती चापट्या खाल्ल्या होत्या तिने त्यापायी.

मुलीने टेप थांबवली.

“ही मागची खरखर कसली कोण जाणे. जुन्या टेपांना असतेच. एका मिनिटात पुसते.”

“काय म्हणतेय ती?” धाकटीने विचारलं.

मुलीचं बोट बटणाकडे गेलं. धाकटी बहिणीच्या तोंडाकडे पाहत होती. हल्ली तिला अर्धं बोलणं ओठांवरूनच कळायचं.

“राहू दे,” थोरली म्हणाली. “पुसू नका.”

“अहो, पण नीट ऐकलं तर...”

“नीटच ऐकू दे लोकांना.”

“ताई, काय आहे तिथे?”

थोरलीने मेजावरचं पेन घेतलं, कागदावरचं आपलं नाव सरळ रेघेने खोडलं आणि कागद धाकटीपुढे सरकवला.

“तुझी बडबड,” ती म्हणाली. “तेव्हाही तोंड बंद ठेवता आलं नाही तुला.”