हा कामाला आहे

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, पडदे धुतो, डाग पडलेली खुर्ची आत सरकवतो. त्या दिवशी एका बाईंडरनं आपला मुलगाच आत सरकवला!

मागच्या खोलीत पुस्तकबांधणीचं दुकान, पुढं घर. थोरला मुलगा तीस वर्षांचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. समज मात्र सात वर्षांच्या पोराएवढीच राहिलेली. तो दुकानात कागदांना खळ लावायचा, एकसारखी, काठापर्यंत.

"पाहुणे जाईपर्यंत दुकानातच बसायचं हं," बापानं बजावलं होतं.

पण दादाच्या बहिणीचं लग्न ठरत होतं! त्याला कुठलं राहवतंय? हात स्वच्छ धुऊन तो बिस्किटांची बशी घेऊन आला.

"हा कोण?" नवऱ्या मुलाच्या आईनं विचारलं.

बाईंडरची जीभ क्षणभर अडखळली. "हा... हा कामाला आहे दुकानात."

बहिणीची मान खाली गेली. दादानं बापाकडं पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाला, "हो, मी कामाला आहे. खळ लावतो."

पाहुणे हसले. बोलणी पुढं सरकली.

ते गेल्यावर दादानं बापाची बाही ओढली. "बाबा, मी बरोबर बोललो ना?"

बापाला त्याच्याकडं बघवेना.

संध्याकाळी बाईंडरची थोरली बहीण आली. ती सिस्टर होती, इस्पितळात रुग्णसेवा करायची. त्यानं तिला सगळं सांगितलं, वर सारवासारवही केली. "पोरीच्या भल्यासाठी बोललो गं ताई. आणि त्याला कुठं काय कळतंय?"

"सगळं कळलं त्याला! तुझी लाज राखायला त्यानं स्वतःचं नातं सोडलं. कळलं नाही ते तुला."

"पण ताई, लोक..."

"लोकांचं राहू दे. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय, हे दर रविवारी चर्चमध्ये मान डोलावून ऐकतोस ना? त्यात हुशारीची अट कधी ऐकलीस? आईच्या पोटात असल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत माणूस तो माणूसच. तो मान देवानं दिलाय रे. तू कोण काढून घेणारा?"

बाईंडर ओंजळीत तोंड लपवून रडला. मग उठून दादापाशी गेला. "मी चुकलो रे. तू माझा मुलगा आहेस. मला माफ कर."

"बरं," दादा म्हणाला आणि त्यानंच बापाचे डोळे पुसले. इतक्या सहज मिळालेल्या माफीनं बाप आणखीच शरमला.

दुसऱ्या दिवशी तो दादाला घेऊन पाहुण्यांच्या दारात उभा राहिला. "काल मी खोटं बोललो. हा माझा थोरला मुलगा." नवऱ्या मुलाच्या आईचा चेहरा उतरला. आठवड्यानं नकार आला.

"बरं झालं," मुलगी म्हणाली. "जिथं दादाला जागा नाही, तिथं मी काय करू?"

बाईंडरची लाज मात्र अजून गेलेली नाही, आणि ती जावी असं त्याला वाटतही नाही. वाचकहो, आपल्याही घरात कुणी आतल्या खोलीत बसवलेलं असेल. त्यांना बाहेर आणा, चारचौघांत आपलं म्हणा. माणसाचा मान त्याच्या जन्माआधीपासून त्याचाच असतो. आपल्या हाती फक्त तो ओळखणं असतं!