वाचलं की पुसायचं

तुमच्या घरात निरोप कोण सांभाळतं हो? मोबाइलच ना? वाटलंच मला!

मी फळा बोलतोय. शाळेतला मोठा नव्हे. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगलेला, हातभर लांबीचा. आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका पाटीचं गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही, तेव्हा तिला काळा रंग देऊन त्यांनी मला घडवलं.

त्यांचा मुलगा बस चालवतो, सून नर्स. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, त्यामुळे त्यांचा सगळा संसार माझ्यावर चालायचा. 'दूध उतू गेलं. ओटा पुसलाय. रागावू नकोस.' खाली तिचं उत्तर, 'रागावलेय. डबा घेऊन जा.' आजोबांचा नियम एकच होता: वाचलं की पुसायचं. फळा कोरा दिसला, म्हणजे निरोप पोचला आणि गोष्ट ठरली.

मग तो चकचकीत मोबाइल आला. खरं सांगतो, मी जळून खाक झालो! माझ्यापर्यंत यायला घरी यावं लागतं, चपला काढाव्या लागतात. त्याच्यावर गर्दीत उभ्या उभ्या, एका अंगठ्याने काम होतं. आता मुलगा डेपोत हसतो, सून वॉर्डात हसते, आणि कशाला हसले ते मला कळतसुद्धा नाही.

आजोबा तेवढे माझे राहिले होते. पण नातीने आपला जुना मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आजोबा, आत्याला मेसेज करा ना."

आत्या म्हणजे आजोबांची मुलगी, दूरच्या गावी राहणारी. आजी गेली तेव्हा ती वेळेत पोचू शकली नव्हती. "आता येऊन काय उपयोग?" असं आजोबा तिला फोनवर बोलून बसले. चार वर्षं झाली. फोन लावला, की 'हॅलो' म्हणून कुणीतरी ठेवून द्यायचं. तिचा निरोप माझ्यावर कधीच उमटला नाही. कसा उमटणार? माझा खडू या खोलीबाहेर जात नाही.

आजोबांनी बराच वेळ खटपट करून लिहिलं, 'जेवलीस का?'

लगेच उत्तर आलं, 'हो बाबा. तुम्ही?'

चार वर्षांत जे मला जमलं नाही, ते त्या काचेच्या तुकड्याने चुटकीसरशी केलं! रोज दोन-चार शब्द जाऊ लागले. आजोबा गालातल्या गालात हसायचे आणि वाचलेला मेसेज पुसून टाकायचे. नियम म्हणजे नियम.

एका सोमवारी तिने विचारलं, 'रविवारी येऊ का?'

आजोबांनी ते तीनदा वाचलं, डोळे पुसले, मग मेसेज पुसला. झालं, ठरलं! ते तिची खोली झाडायला गेले.

तिला उत्तर गेलंच नाही, हे या घरात फक्त मला कळलं होतं. आणि काय लपवू, मला बरं वाटलं. फजिती होऊ दे त्या मोबाइलची, म्हटलं. पण आजोबा तिच्या उशीला नवा अभ्रा घालताना दिसले आणि माझी मलाच लाज वाटली. सांगावं म्हटलं, तर मला कुठे तोंड आहे?

शनिवारी संध्याकाळी नात धावत आली. "आजोबा, आत्याने मला मेसेज केलाय. 'बाबांना नको असेल, तर राहू दे.' तुम्ही तिला उत्तर का नाही दिलं?"

"दिलं की! लगेच पुसलं मी!"

"अहो आजोबा, ते तिला दिसत नाही!"

आजोबांनी घाईने मोबाइल उचलला. "अगं, मग तिला वाटलं असेल..." त्यांनी लिहिलं, 'ये.' दोघंही पडद्याकडे बघत राहिली. मीही बघत होतो, श्वास रोखून.

'निघाले, बाबा.'

आजोबांचं बोट सवयीने पुढे गेलं. नातीने ते घट्ट धरलं. "हे नाही पुसायचं!"

तुम्ही खुशाल मोबाइलवर लिहा. फक्त कधीतरी माझ्यावरही एखादी ओळ खरडा. खडू आहे अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली, तिने आपली पिशवी माझ्यावरच अडकवली आणि ती बाबांच्या गळ्यात पडली.