सुनावणीचं सूत्रसंचालन

बिल्ल्याची टाचणी वाकडी होती. गुलाबी मखमली फूल, त्याखाली दोन सोनेरी फिती, फितीवर 'सूत्रसंचालक' — आणि खिशावर लावलं की फूल मान टाकून जमिनीकडे बघायला लागे. अजिनाथने ते काढलं, पुन्हा लावलं, टाचणी बोटात घुसली, बोट तोंडात गेलं... आणि बोट तोंडात असतानाच त्याची नजर कार्यालयभर फिरून आली. खुर्च्या भरत आल्यात, पुरुष मधोमध, बायका डावीकडे भिंतीला लागून, पंखे चालू, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेल, घुमणार नाही. मंगल कार्यालयच ते. आदल्या दिवशीच्या लग्नाचा पडदा अजून तसाच होता, आणि त्यावर टांगलेला 'रस्ता चौपदरीकरण — जनसुनावणी' हा फलक आखूड पडल्यामुळे एका बाजूने नवऱ्याचं आणि दुसऱ्या बाजूने नवरीचं नाव अर्धंअर्धं डोकावत होतं. दुसरा कुणी ओशाळला असता. अजिनाथला लगेच वाक्य सुचलं — 'हेही एक लग्नच आहे मंडळी, गावाचं आणि रस्त्याचं!' — वा. सुरुवात ठरली.

त्याचं असं व्हायचंच. शाळेत तो नववी-दहावीला इतिहास शिकवायचा, पण देवळाली प्रवरेच्या पंचक्रोशीत त्याला इतिहासासाठी कोण ओळखतंय! साखरपुडा असो, सेवापूर्ती असो, पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन असो नाहीतर कुणाच्या वडिलांचा दशक्रिया विधी असो — 'सरांना सांगितलं का?' हा पहिला प्रश्न, मांडववाल्याचा नंबर त्यानंतर. एकदा तर पाहुणे नगरहून निघालेलेच नव्हते आणि ह्या पठ्ठ्याने सगळा मांडव दुपार कलेपर्यंत जागेवर धरून ठेवला होता, एक माणूस उठला नाही. माइक हातात आला की गर्दीचं काय करायचं ते त्याला विचार करावाच लागत नसे. भांडण शिजायला लागलं, टाका दोन ओळी. भाषण लांबलं, मागा टाळ्या — टाळ्या वाजल्या की वक्ता बसतोच, पुढे बोलायला त्याला तोंड उरत नाही. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. माझं मीच कमावलंय, मग का नाही मिरवू?

आजचा कार्यक्रम मात्र घरचा होता. तांबेवस्ती हमरस्त्याच्या एका अंगाला, शाळा आणि अंगणवाडी दुसऱ्या अंगाला, आणि मधे, फाट्यावर, दुभाजकात ठेवलेली मोकळी जागा — सगळे तिला कट म्हणायचे. रस्ता चौपदरी होणार, कट बंद होणार, आणि रस्त्याखालून ह्या पट्ट्यात एकच भुयारी मार्ग मिळणार. नकाशात तो कारखान्याच्या वळणावर दाखवला होता, उसाच्या ट्रॅक्टरांच्या सोयीने, वस्तीपासून चांगला लांब. वस्तीला तो फाट्यावर हवा होता. रस्ते विभागाच्या मॅडम नगरहून आल्या होत्या. लोकांचं म्हणणं ऐकायचं, लिहून घ्यायचं, आणि जे लिहिलं जाईल तेवढंच पुढे जाणार. इतकी साधी गोष्ट.

आणि अंगणवाडीची ताई म्हणजे त्याची बायको, सविता. जुन्या साडीला पीळ देऊन तिने दोर केला होता. वस्तीची सगळी चिल्लीपिल्ली तो धरून रांगेत उभी राहायची आणि हात वर करून सविता आधी रस्त्यात उतरायची. गेल्या हंगामात उसाचा एक ट्रक इतक्या जवळ येऊन करकरत थांबला होता की त्या दिवशी ती घरी आली ती ओट्याला पाठ लावून खालीच बसली. काय झालं गं? काई न्हाई. चहा ठेवू का? नको... मग बऱ्याच वेळाने, 'बारक्या पोरीनं दोर सोडला हुता', एवढंच. अजिनाथने तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, बघतोच. योग्य जागी, योग्य वेळी, माझ्या पद्धतीने.

आज सकाळीसुद्धा भाकरी थापता थापता तिने विचारलंच.

"आज तुमी बोलनार ना?"

"सविता, अगं माइक कुणाच्या हातात आहे?"

"ते झालं. पर फाट्याचं बोलनार ना?"

"तू निश्चिंत राहा."

"न्हाई, तुमचं बोलनं लई गोड असतं," ती तव्याकडे बघत म्हणाली, "आज जरा कडू बोला."

तो हसला होता. हिला काय कळतंय, असं नाही — तिला सगळं कळायचं — पण माइकचं शास्त्र वेगळं असतं बाई. आधी सगळ्यांना बोलू द्यायचं, हवा तापू द्यायची नाही, आणि अगदी शेवटी, आभाराच्या आधी, मऊ आवाजात आपला मुद्दा ठेवायचा. शेवटचं तेच कानात राहतं. कोण नाही म्हणेल? आजवर त्याला कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. लग्नाच्या वाक्याला हशा आला. मॅडम नको नको म्हणत असताना त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, मग अध्यक्षांचा झाला, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचेही झाले — ह्याशिवाय सभा सुरू होत नाही, त्याला कोण काय करणार! अध्यक्ष होते कारभारी आण्णा, तालुक्यातले मोठे ऊसवाले, सभेआधीच अजिनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "सर, मॅडम चांगल्या हायेत. वातावरन बिघडू देऊ नका."

"मी असताना, आण्णा?"

खरंच, मी असताना. ट्रॅक्टरवाला बिभीषण उठला आणि कारखान्याच्या वळणावरच मार्ग पाहिजे, आणि भरलेली ट्रॉली जाईल एवढा उंच पाहिजे, म्हणून टेबलावर हात आपटून गेला. त्याचंही चूक नव्हतं. हंगामात त्या वळणावर रांगा लागतात. मॅडम लिहीत होत्या. पेन झरझर चाललं होतं. एकाने पाण्याच्या पाइपचं काढलं, एकाने धुळीचं, एकाने उगीचच आपल्या आजोबांनी रस्त्याला दिलेल्या जमिनीचं — त्याला अजिनाथने टाळ्या देऊन बसवलं, इतक्या अलगद की तो हात जोडतच खाली बसला. लोक हसत होते, ऐकत होते, सभा कशी लोण्यासारखी चालली होती, आणि अजिनाथच्या मनात फाट्याचं वाक्य तयार होऊन बसलं होतं. आता दोन जण बोलले की झालं. आता एक...

तेवढ्यात सविता उठली.

तिला उठायचं कारणच नव्हतं. आपलं ठरलं होतं ना? थोडी थांबली असती... पण ती उठलीच, पदर खांद्यावरून घेऊन, माइकची वाट न बघता.

"मॅडम, मी तांबेवस्तीच्या अंगनवाडीची ताई. मला भाषन न्हाई करायचं. कट बंद झाल्यावर पोरं कुठून न्यायची, तेवढं सांगा. कारखान्यापर्यंत लेकरं चालायची न्हाईत. अन् शाळंची मोठी पोरं तर जानारच न्हाईत तितक्या लांब, ती दुभाजकावरून उड्या मारनार. मंग त्याचं काय?"

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मॅडम पुढे झुकल्या, पेन कागदावर टेकलं, आण्णांची भुवई वर गेली, बिभीषण खुर्चीत अर्धा उठला — आणि दूध वर येताना दिसलं की हात जसा गॅसकडे जातो, तसा अजिनाथचा हात, माइकसकट, तोंडाकडे गेला. त्याने ठरवलं नाही. शपथेवर सांगतो, ठरवलं नाही.

"माउलीच्या पदराला रस्तासुद्धा घाबरतो," तो म्हणाला, आणि आवाज काय लागला होता, भरलेला, थोडा कापरा, जसा लागायला हवा तसा, "जिथे आई उभी राहते, तिथे काळही थांबतो! ताईंच्या भावनांसाठी, मंडळी, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

झाल्या. आजच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या झाल्या. आण्णांनी वाजवल्या, बिभीषणने वाजवल्या, बायकांनी तर सविताच्या पाठीवर थापा मारल्या. सविताचं तोंड पुन्हा उघडलं होतं, काहीतरी उरलं होतं तिच्या ओठांवर, पण त्या गदारोळात ते कुणाच्या कानावर जाणार. मग तिने सगळे करतात तेच केलं, हात जोडले आणि खाली बसली. आणि मॅडम... मॅडमही हसून टाळ्या वाजवत होत्या. मनापासून. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

टाळ्या थांबल्या तेव्हा मॅडमनी पेन उचललं, टोपण लावलं आणि घड्याळात पाहिलं.

"वा सर! सांभाळलंत," आण्णा शेजारून पुटपुटले. "घ्या आता आभार उरकून."

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्याला बरंच वाटलं. टाळ्यांनंतर अंगावर जी ऊब चढते ती चढली, मान आपोआप थोडी वाकली, आणि मग सवयीने त्याने सविताकडे पाहिलं. कुठल्याही कार्यक्रमात ती असली की तो पाहायचाच. ती रागावलेली असेल असं वाटलं होतं. रागावलेली असती तर बरं झालं असतं. घरी जाऊन समजूत घालता आली असती, तिचा राग त्याला पाठ होता. पण सविताने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली — झालं ना, बोललात ना, अशी. शेजारणीला कानात काहीतरी सांगितलं आणि तोंडाला पदर लावून थोडी हसली, जरा लाजून, जरा अभिमानाने.

तिला वाटलं होतं, हेच ते. ह्यांनी बोलतो म्हटलं होतं ते हेच बोलणं.

म्हणजे उद्या ती पुन्हा दोर घेऊन निघणार, आणि परवा, आणि कट बंद होईपर्यंत रोज, आणि तिला वाटत राहणार की आपलं म्हणणं नगरला गेलंय, कुणीतरी बघतंय त्याच्याकडे, आपल्या माणसाने केलंय काहीतरी... आणि कागदावर मात्र ट्रॉलीची उंची. पाण्याचा पाइप. धूळ. कुणाच्या तरी आजोबांची जमीनसुद्धा, अर्धी का होईना, लिहिली गेली असेल. आणि माझ्या बायकोचं तेवढं राहिलं. मीच राहू दिलं नाही का! कुणी दाबलं नाही तिला, कुणी धमकावलं नाही, आण्णांनी एक शब्द काढला नाही — मी, एकट्याने, दोन ओळींत. किती सुबक काम! बोटालासुद्धा रक्त लागलं नाही. आजवर असे किती जण बसवले असतील मी, हात जोडून, हसतमुखाने? ज्यांना वाटलं असेल, आपलं ऐकलं गेलं... हट्, आता त्यांची मोजदाद नको, तो हिशोब करायला आयुष्य पडलंय. आता मॅडम उठतायत. शालीची घडी करतायत.

आभाराचं वाक्य जिभेवर आलेलं होतं — 'गोड क्षणांची सांगता करताना...' — ते नेहमी येतं तसं, स्वतःच्या पायांनी. त्याने ते गिळलं. गिळायला जड गेलं. फाट्याचं जे वाक्य सकाळपासून घासूनपुसून ठेवलं होतं, तेही आलं, मऊ आवाजासकट, तेही त्याने घेतलं नाही, कारण ते बोललं की पुन्हा टाळ्याच पडतील हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मॅडम, बसा जरा," तो म्हणाला. आवाज चोंदल्यासारखा, सपाट आला, त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "ताईंनी प्रश्न विचारला होता. उत्तर राहिलं त्याचं. माझ्यामुळे राहिलं. भुयारी मार्ग फाट्यावर पाहिजे, हे माझंही म्हणणं आहे. लिहून घ्या."

कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतला एक जण, आता गंमत येणार म्हणून हसायला तयार बसला होता, तो तसाच तयार राहिला. आण्णांनी मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की जणू माइकच्या जागी कुणी भलतंच काही धरून उभं आहे. बिभीषण मोठ्याने म्हणाला, "सर, तुमी आज कुनाच्या बाजूनं हाय?" आणि त्यालाही कुणी हसलं नाही. मॅडम उभ्याच होत्या, एक हात शालीवर, आणि त्या सविताकडे बघत होत्या, मग आण्णांकडे, मग पुन्हा सविताकडे. बसतील की निघतील, सांगता येत नव्हतं. सविता हसायची थांबली होती. ती अजिनाथकडे बघत होती, नवऱ्याकडे बघतात तसं नाही, रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात तसं, हा आता पुढे येतोय की मागे सरकतोय हे ताडत.

शांतता वाढत गेली. ती मोडायला त्याच्याकडे काय कमी होतं! एक विनोद, दोन ओळी, 'अध्यक्ष महोदयांच्या परवानगीने' एवढं म्हटलं तरी पुरे होतं. सगळे शब्द रांगेत उभे होते, प्रत्येक जण मी जातो, मी जातो म्हणत होता. त्याने कुणालाच जाऊ दिलं नाही. मांडवात पुढे काय होणार हे ठाऊक नसताना तो आयुष्यात प्रथमच असा उभा होता, आणि आश्चर्य म्हणजे छाती भरून श्वास येत होता. ही शांतता माझी नाही, हिला मी हात लावणार नाही. मॅडमनी काय ते बोलावं, आण्णांनी बोलावं, सविताने पुन्हा विचारावं. घाई कसली आहे? आपण थांबू.