दुसऱ्या बाहीचे पोपट

मित्रांनो, बेंगळुरूच्या जे. पी. नगरात सोयराबाईंचं भरतकामाचं दुकान आहे. तिथल्या टेबलाखालच्या संगणकात बसलेली जुनी हार्ड डिस्क म्हणजे मी. पोटातल्या चकत्या फिरायला लागल्या की माझी घरघर होते. लोक म्हणतात, म्हातारी झाली. म्हणोत बापडे!

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी करकरीत होते. सोयराबाई कागदावर नक्षी काढायच्या, मग संगणकावर टाक्याला टाका जोडून तिची फाइल करायच्या. या धंद्यात त्याला पंच करणं म्हणतात. मोर, वेली, कोयऱ्या, सगळं माझ्या पोटात. फाइल पेनड्राइव्हवरून भरतकामाच्या मशीनला दिली, की तो पेनड्राइव्ह त्या लगेच पुसून टाकायच्या. आपली नक्षी दुसऱ्या दुकानात जायला नको ना! "जे आहे ते हिच्याजवळ," असं त्या म्हणायच्या आणि मी फुशारून जायची.

पुढे मुलगा अभिराज कॉलेजात गेला आणि माझे तीन वाटे झाले. एकात आईचं विंडोज, दुसऱ्यात त्याचं लिनक्स आणि तिसरं दोघांचं सामाईक कोठार, नक्षीच्या फाइलींचं. संगणक सुरू करताना या दोन चालकांपैकी कोणाला उठवायचं ते निवडायचं. माझी काही तक्रार नव्हती. पण सोयराबाईंना भारी घाई. "स्वल्प लवकर उघडायला काय होतं रे याला?" असं त्या रोज म्हणायच्या, म्हणून अभिराजनं विंडोज झटपट उघडायची सोय केली. त्यात एक गोम होती. बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नसे. नुसती डुलकी काढायचं, आणि कोठारात कुठे काय ठेवलंय ते डोक्यात धरून बसायचं.

अशात सौम्याच्या लग्नाचा ब्लाउज आला. मागच्या गल्लीतली ही कन्नड मुलगी, तिचे झबल्यापासूनचे कपडे सोयराबाईंनीच शिवलेले. तिच्यासाठी त्यांनी बाहीवर पोपटांची जोडी काढली, जीव ओतून. एक बाही भरून झाली. दुसरी राहिली होती आणि रविवारी मुहूर्त होता.

गुरुवारी सकाळी अभिराजला वाटलं, आईच्या फाइली जरा नीट लावून द्याव्यात. हेतू चांगलाच हो! लिनक्सनं त्याला बजावलं, विंडोज डुलकीत आहे, कोठार नुसतं बघ, हात लावू नकोस. पण ऐकेल तर शपथ! त्यानं जबरदस्तीनं उघडलं आणि इकडचं तिकडे केलं. दुपारी सोयराबाईंनी विंडोज उठवलं. ते आपलं जुन्याच आठवणीवर लिहायला लागलं. एका कोठारात दोघांचा कारभार! माझ्या नोंदींचा पार विचका झाला. पडद्यावर पाटी आली, हा भाग वाचता येत नाही, फॉरमॅट करायचा का?

"अय्यो, किती नीट विचारतंय बघ," सोयराबाई म्हणाल्या. "सरी, बरं, हो म्हणते. तेच दुरुस्त करेल."

मला घाम फुटायचा बाकी होता. 'हो' म्हणजे कोठार पुसायला परवानगी! मी जिवाच्या आकांतानं घरघरले, पण माझं कोण ऐकतं?

"आई, नको! हात काढ!" अभिराज आतून धावत आला. पाटी वाचून त्याचा चेहरा उतरला. "मीच सकाळी घोळ घातला गं."

सोयराबाईंनी भरून झालेली बाही हातात घेतली. "तसले पोपट परत कुठनं आणू मी? एका बाहीनं लग्नाला उभी राहील का ती पोर?" त्यांचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं.

अभिराजनं मारतहळ्ळीला ऑफिसात असलेल्या बहिणीला, भव्याला, फोन लावला.

"अक्का, विंडोजची दुरुस्ती चालवून बघू?"

"गप बस! दुरुस्त करता करता ते उरलंसुरलंही खाईल. त्या डिस्कवर एक अक्षर लिहू नकोस. आधी अख्खी डिस्क जशी आहे तशी दुसरीवर उतरवून घे. मग काय खेळायचं ते नकलेवर खेळ."

अभिराजनं तसंच केलं. त्याच्या नव्या डिस्कला मी माझं सगळं सांगितलं, तुटकं, फुटकं, अर्धवट, काही लपवलं नाही. फार दमले. मग नकलेतून फाइली निघायला लागल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. मायलेक शेजारी बसून एकेक उघडत होते. मोर निघाला. कोयरी निघाली. एक वेल अर्धीच निघाली, तेव्हा सोयराबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि मग लाल चोच दिसली.

"हेच! हेच रे माझे पोपट!"

अभिराजनं आधी विंडोजची ती डुलकी कायमची बंद केली आणि मगच मशीन सुरू झालं.

शनिवारी सौम्या ब्लाउज घालून आरशापुढे उभी राहिली. दोन्ही बाह्या बघून ती नाचायचीच बाकी होती. "अक्का, किती कष्ट घेतलेत हो तुम्ही!"

"एक बाही माझी," सोयराबाई म्हणाल्या. "दुसरी आमच्या अभीनं केली."

अभिराज मान खाली घालून दोरे गोळा करत राहिला. त्याला रडू येत होतं, मी खालून पाहिलं.

आता नक्षी माझ्याकडेही असते आणि त्या नव्या डिस्ककडेही. पहिल्यांदा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मी आज ना उद्या थांबणारच. आवडीचं काही असेल तर त्याला आणखी एक घर द्या. आणि पडद्यानं कितीही गोड विचारलं, तरी 'हो' म्हणण्याआधी घरातल्या कुणाला तरी हाक मारा.